हेलिकॉप्टर असताना भारताला विमानातून छत्रीने (पॅराशूटने) उडी मारून उतरणारी पॅराशूट ब्रिगेड कशाला हवी? आजवर तिने काय केलं?

पहिलं कारण पल्ल्याचं. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये बंड झालं, तेव्हा ५० क्रमांकाच्या या पॅराशूट ब्रिगेडच्या ‘६ पॅरा’ पलटणीचे (बटालियनचे) जवान आग्र्याहून आयएल-७६ विमानांतून निघाले. दोन हजारांहून अधिक किलोमीटर कुठेही न थांबता ते त्याच रात्री हुलुले विमानतळावर पोचले. हेलिकॉप्टरला हे जमत नाही. धावपट्टी बंडखोरांच्या हाती पडलेली नव्हती, म्हणून विमानं सरळ उतरली आणि कुणालाच उडी मारावी लागली नाही. मला हेच उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. उडी हा पोचण्याचा एक मार्ग आहे. देश पैसा खर्च करतो तो हुकूम मिळताच काही तासांत निघू शकणाऱ्या तयार फौजेसाठी.

ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली, एक ब्रिटिश, एक भारतीय आणि एक गुरखा पलटण घेऊन. तिच्या मोठ्या लढाया मात्र जमिनीवरच्या आहेत. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ती जपान्यांशी लढली, आणि १९४८ मध्ये ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानविरुद्ध जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-झांगडला. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट झाली तेव्हा पंजाब, मराठा आणि कुमाऊँच्या एकेक पलटणीपासून १, २ आणि ३ पॅरा बनल्या. २ पॅरा म्हणजे मूळची ३ मराठा लाइट इन्फंट्री. ब्रिगेडची ४११ पॅराशूट फील्ड कंपनीही खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करी इंजिनिअरांची.

युद्धात पलटणीएवढी मोठी उडी झाली ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) टांगाईलला, ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली २ पॅराचे सुमारे सातशे जवान उतरले. काम एकच होतं. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट लोहजंग नदीवरच्या पुंगली पुलापाशी तोडायची. कॅप्टन पी. के. घोष यांनी आधीच आत जाऊन, कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीच्या (बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या) मदतीने उतरण्याची जागा हेरून ठेवली होती. तरीही सगळं नेमकं पडलं नाही. काही जण दूर उतरले, काही बोजे तळ्यांत गेले, आणि सामान गोळा करायला गावकरी धावून आले. पूल हाती आला. उत्तरेकडून जमिनीवरून येणारी १ मराठा लाइट इन्फंट्री त्यांना लवकरच येऊन मिळाली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरली ती २ पॅरा. शत्रूचा काही भाग उडीआधीच पुढे निसटला होता, त्यामुळे फास पुरता आवळला गेला नाही, हेही खरं.

टांगाईल जमलं ते आकाश पूर्णपणे आपल्या ताब्यात होतं आणि जमिनीवरून येणाऱ्या फौजेशी जोडणी लवकर झाली म्हणून. उतरलेल्या जवानाकडे अंगावर पेलेल तेवढंच असतं, म्हणजे फार तर दोन-तीन दिवसांचा दारूगोळा आणि शिधा. रणगाडे नसतात, जड तोफाही नसतात. मागची फौज वेळेत आली नाही तर शूर पलटणही संपते.

उडीत चुकतं कुठे? विमानाचा वेग ताशी २२० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला साधारण ६० मीटर. एका दारातून सेकंदाला एक जण निघाला, तर वीस जणांची रांग जमिनीवर १२०० मीटर पसरते. मधला एखादा दारात तीन सेकंद अडखळला की त्याच्यामागचे सगळे १८० मीटर पुढे जाऊन पडतात. १२५० फुटांवरून खाली यायला साधारण एक मिनिट लागतं. तेवढ्यात ताशी १८ किलोमीटरचा वारा माणसाला ३०० मीटर वाहून नेतो. दारातून ढिली उडी घेतली की छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडतो. तो पट्टे फाकवून, पाय झाडत उलगडावा लागतो. पायाला बांधलेला बोजा जमीन येण्याआधी दोरीने खाली सोडायचा असतो; तो राहिला तर गुडघा जातो. आणि घोट्याच्या दुखापतींचं नेहमीचं कारण म्हणजे जमीन जवळ दिसताच एक पाय पुढे करणं. पाय आणि गुडघे जुळवून, थोडे वाकवून, कुशीवर लोळायचं असतं.

नवशिके अनेकदा पॅरा आणि पॅरा एसएफ (स्पेशल फोर्सेस, म्हणजे विशेष दल) यांत गल्लत करतात. पॅरा पलटण जागा जिंकून धरते. एसएफच्या लहान तुकड्या छापा, टेहळणी करतात आणि बाहेर पडतात. २ पॅरा आज एसएफ आहे, आणि २१ पॅरा एसएफसुद्धा १९९६ पर्यंत २१ मराठा होती.

आजची अडचण विमानवेधी क्षेपणास्त्रांची आहे. मंद, मोठी वाहतूक विमानं दिवसाउजेडी रांगेने शत्रूच्या मैदानी भागावर नेणं मला आत्मघातकी वाटतं. म्हणून खरी गरज उरते ती बेटांवर, आणि रस्ते तुटलेल्या डोंगराळ भागात. डोंगरात विरळ हवा आडवी येते. ११ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के, त्यामुळे तीच छत्री जवळजवळ २० टक्के जास्त वेगाने खाली येते आणि आदळण्याची ऊर्जा ४० टक्क्यांनी वाढते. तिथे बोजा कमी करावा लागतो, नाहीतर मोठी छत्री द्यावी लागते. लडाखसाठीचा सराव आग्र्याच्या मैदानावर पुरा होत नाही तो याचमुळे.