रेग्युलेटर घरी उघडावा का? वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग थांबलं, की पुण्यातल्या डायव्हर मंडळींचे हात शिवशिवायला लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून ती तोंडात देणारं यंत्र) सर्व्हिसिंगला कशाला द्यायचा, घरीच करू की!

प्रश्न: माझ्या रेग्युलेटरमधून श्वास जड येतो. सेकंड स्टेजचा (तोंडात धरायच्या भागाचा) ऑरिफिस (हवा येण्याचं छिद्र) थोडा सैल करू का? चाकणला टूलरूममध्ये आहे, हात बसलेला आहे.

हात बसलेला असला तरी आधी दाब मोजणारा गेज लावा. फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा भाग) सिलिंडरमधलं 200 बारचं प्रेशर भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण 9-10 बार जास्त एवढ्यावर आणतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. श्वास घेतला की गेजचा काटा खाली यावा आणि लगेच मूळ जागी येऊन थांबावा. तो हळूहळू वर सरकत राहिला, तर फर्स्ट स्टेजची सीट (छिद्र बंद करणारा तुकडा) गेली असं बहुतेक वेळा समजायचं. अशा वेळी ऑरिफिस सैल केलात तर फ्री-फ्लोला, म्हणजे हवा आपोआप वाहत सुटायला, आमंत्रणच.

काटा ठाम असेल तर बादली घ्या. सिलिंडर उघडा ठेवून, माउथपीस वरच्या बाजूला धरून सेकंड स्टेज हळूहळू पाण्यात उतरवा. हवा सुटली त्या क्षणी डायफ्राम (सेकंड स्टेजमधला रबरी पडदा) पाण्याखाली किती होता ते पट्टीनं मोजा, आणि माउथपीसवर अंगठा दाबून हवा थांबवा. 2.5 ते 4 सेंटिमीटर असेल तर रेग्युलेटर ठीक आहे, उगाच छेडू नका. बरंच जास्त असेल तरच ट्यूनिंग, आणि ऑरिफिस फिरवताना पर्ज बटण (हाताने हवा सोडायचं बटण) दाबलेलंच हवं. नाहीतर ऑरिफिसची धार मऊ सीटमध्ये रुतून गोल चरा पडतो. मग रेग्युलेटर थेंबथेंब हवा गाळत बसतो.

प्रश्न: ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बोहरी आळीत सुट्या मिळतात. कंपनीचं किटच का घ्यायचं?

दुकानदार माप अचूक देईल, पण रबर कोणतं आणि किती कडक, हे त्यालाही बहुधा माहीत नसतं. हाय प्रेशरच्या बाजूला साधारणपणे 90 शोअरची (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) रिंग लागते; 70 ची घातली तर फटीत ढकलली जाऊन चिरते. शिवाय किटमधली सीट बोहरी आळीत मिळणार नाही. आणि जुनी रिंग काढायला स्टीलचा टोच्या वापरू नका. पितळेच्या खाचेत एक ओरखडा पडला की नवी रिंगही गळते.

प्रश्न: ओ-रिंगला खोबरेल चालेल का?

नाही. व्हॅसलिनही नको, त्यानं काही रबरं फुगतात. साध्या हवेसाठी सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी मात्र खास फ्लोरिनयुक्त ग्रीसच लागतं. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं.

प्रश्न: पहिला ॲक्वालंगही (पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र) गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या व्हॉल्व्हमधूनच झाला ना? मग वेल्डिंगचा रेग्युलेटर का नको?

गोष्ट खरी आहे. एअर लिक्विड या फ्रेंच गॅस कंपनीचा इंजिनिअर एमिल गान्यां यानं युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गाड्यांसाठी केलेला व्हॉल्व्ह 1943 च्या ॲक्वालंगच्या मुळाशी आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्याचा साथीदार, फ्रेंच डायव्हर झाक कुस्तो पहिला नमुना घेऊन पाण्यात उतरला, तेव्हा आडवं असताना सगळं ठीक चाललं. उभं राहिलं की हवा वाया जाई, डोकं खाली केलं की येईना. उच्छ्वासाचं तोंड हवा येण्याच्या जागेपासून काही इंच दूर होतं, एवढंच कारण. काही इंच पाण्याच्या दाबाचा हा प्रताप! तुमचा वेल्डिंगचा रेग्युलेटर तर श्वासागणिक उघडझापही करत नाही. तो वर्कशॉपमध्येच राहू द्या.

प्रश्न: ऑक्टोपसला (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजला) लांब होज लावायचा आहे. तेवढं तरी?

खुशाल लावा. लो प्रेशरच्या पोर्टला बहुतेक वेळा 3/8 इंची आटे असतात, हाय प्रेशरच्या 7/16, त्यामुळे गफलत होत नाही. आधी हातानं पूर्ण बसवा, मग पान्यानं अगदी थोडा आवळा. पूर्ण जोर लावणारे क्रोमखालच्या पितळेचे आटेच घालवतात. मग सिलिंडर उघडून जोड साबणाच्या पाण्यानं तपासा, आणि समुद्राआधी एकदा तरण तलावात वापरून बघा.