तलावाचे पाणी घेणाऱ्या कॉटेजचा पंप सारखा चालू-बंद होतो आणि नळातून हवा येते. पंप बदलावा का?

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील हॅलिबर्टन भागात आपण जुने कॉटेज घेतले आहे, एक नळ उघडला तरी पंप काही सेकंदांनी चालू-बंद होत राहतो, ऑगस्टपासून नळ हवा फेकू लागला आहे आणि पंपच बदलण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. त्याच भागात मी अशीच यंत्रणा बरीच वर्षे सांभाळत असल्याने सांगतो, की पंपावर पैसे घालण्याआधी त्याच्या पुढची टाकी आणि मागची सक्शन पाइप, म्हणजे तलावातून पाणी ओढणारी पाइप, तपासावी, कारण ही दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा तिथली असतात.

सारखे चालू-बंद होणे हे टाकीचे दुखणे आहे. प्रेशर टँकमध्ये रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. हवा कमी झाली की तांब्याभर पाणी घेताच दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. ब्रेकर बंद करून, नळ उघडून टाकी पूर्ण रिकामी करावी आणि मगच तिच्या व्हॉल्व्हला गाडीच्या टायरची हवा मोजण्याचा गेज लावावा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा हवा 2 पीएसआय (दाबाचे एकक) कमी असावी, म्हणजे 30 ला पंप सुरू आणि 50 ला बंद करणाऱ्या 30/50 च्या स्विचला 28. व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला आहे असे समजावे.

हवेचा प्रश्न अधिक फसवा आहे. सक्शन पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे सांधा सैल असला तरी पंप चालू असताना तेथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, आणि ओल कुठेच दिसत नसल्याने पाइपवर कोणाचा संशय जात नाही. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर दाढीचा फेस लावावा. जिथे फेस आत खेचला जाईल तिथे दोष आहे. अशा सांध्यांवर मी स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा लावतो.

मात्र त्रास ऑगस्टपासूनच सुरू झाला, याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. हॅलिबर्टनमधील अनेक तलाव ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गासाठी साठ्याचे काम करतात. खालच्या कालव्यात नौकांना पुरेसे पाणी राहावे म्हणून पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था उन्हाळाभर त्यांतून पाणी सोडते आणि शरद ऋतूपर्यंत पातळी बरीच खाली जाते. मे महिन्यात खोल वाटलेला, पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे विहिरीवर फुटबॉल म्हणतात, तो तोपर्यंत पृष्ठभागाजवळ येतो आणि भोवऱ्यातून हवा ओढू लागतो. तो सर्वांत कमी पातळीच्याही मीटरभर खाली, पण गाळ ओढला जाऊ नये इतका तळापासून वर असावा. पातळी उतरते तशी उपशाची उंचीही वाढते, आणि काठावर बसवलेला असा पंप व्यवहारात सुमारे साडेसात मीटरपेक्षा जास्त खालून पाणी उचलत नाही. तलावापासून पंपापर्यंत पाइप सतत चढती असावी. मध्ये उंचवटा असला की तिथे हवा साचते.

ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सणासुमारास कॉटेज बंद करताना पाइप तलावाबाहेर काढावी, कारण सरकणारा बर्फ ती तोडू शकतो. गीझरचा ब्रेकर आधी बंद करून मग त्यातले पाणी सोडावे. पंपाचा खालचा प्लग उघडावा, आणि प्रेशर स्विचला जोडणारी बारीक नळी विसरू नये, कारण तिच्यात राहिलेले थोडे पाणीही गोठून ती फोडते. सिंकखालच्या वाकड्या नळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, सहज न गोठणारे गुलाबी द्रव ओतावे. गाडीचे कूलंट विषारी असते, ते कदापि वापरू नये. वसंतात पंपात आणि पाइपमध्ये पाणी काठोकाठ भरल्याशिवाय बटण दाबू नये. कोरडा चालला, तर आतील सील जळते आणि मग पंप खरोखरच दुरुस्तीला काढावा लागतो.

पिण्यासाठी हे पाणी वापरत असाल, तर 5 मायक्रॉनच्या फिल्टरनंतर अतिनील दिवा हवा, आणि तो पेटत असला तरी दरवर्षी बदलावा, कारण प्रकाश दिसत राहतो पण जंतू मारण्याची ताकद घटते. निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग दिसला, तर मात्र हा दिवाही भरवशाचा नाही आणि उकळूनही त्यातील विष जात नाही. तेवढे दिवस पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी बाहेरून आणावे.