हुशार मुलांची सांस्कृतिक बुद्धिमत्ता कशी मोजायची?

बेळगाव-खानापूरकडच्या नववी-दहावीच्या हुशार मराठी मुलांची सांस्कृतिक बुद्धिमत्ता, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी जुळवून घेण्याची क्षमता, आणि जागतिक नागरिकत्व कसं मोजायचं, असा प्रश्न आहे. सांस्कृतिक बुद्धिमत्तेसाठी सून आंग आणि सहकाऱ्यांच्या 2007 च्या प्रश्नावलीत 20 विधानं आहेत: सजगतेची 4, ज्ञानाची 6, ओढीची 5, वागणुकीची 5. उत्तर 1 ते 7. चारही गटांची सरासरी वेगळी काढा, एकच बेरीज नको.

घोळ होतो तो ‘दुसरी संस्कृती’ या शब्दांवर. कुणी शेजारचं कन्नड घर डोळ्यांसमोर आणतो, कुणी थेट जपान. मग आकडे जुळणार कसे? प्रश्नावलीच्या वरच्या सूचनेतच शेजारची आणि दूरची अशा दोन्ही संस्कृती लिहा आणि विधानं दोन्हींसाठी वेगळी, दोनदा सोडवून घ्या. ज्ञानाच्या गटात विवाहपद्धतींवरही विधान आहे. पंधराव्या वर्षी तिथे अंदाजच ठोकला जातो. इंग्रजी विधानांचं मराठी भाषांतर एकाने करावं, त्यावरून उलट इंग्रजी दुसऱ्याने. आधी 10-15 मुलांवर चाचपून बघा.

हुशार मुलं ‘बरोबर’ उत्तर लगेच ओळखतात, हा खरा धोका. म्हणून पाच मिनिटांचा प्रसंग द्या: कन्नड आजोबा दारात आलेत. पोरगा ‘बा’ म्हणतो की ‘बर्री’? ‘बा’ म्हणजे ‘ये’, ‘बर्री’ म्हणजे ‘या’. शब्द येत असूनही मान चुकला, तर ज्ञान आहे, वागणूक नाही.

जागतिक नागरिकत्व वेगळं मोजा. मोराइस-ऑग्डेन यांच्या 2011 च्या मापनात सामाजिक जबाबदारी, जागतिक क्षमता आणि नागरी सहभाग असे तीन भाग आहेत, पण ते महाविद्यालयीन मुलांसाठी बेतलेलं. सहभागाची विधानं शाळकरी वयाला जुळवून घ्यावीच लागतील.