वडिलांना चौथ्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर आहे. जनुकांच्या रिपोर्टसाठी थांबायचं की लगेच केमो सुरू करायची?

तुम्ही लिहिलंय की वडील 66 वर्षांचे आहेत, बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय, छातीतल्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी सापडल्यात आणि डॉक्टर जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत दोन-तीन आठवडे थांबू म्हणतात. घरचे मात्र 'गाठ काढून टाका' म्हणून मागे लागलेत. मी डॉक्टर नाही. आईच्या याच आजारात चार वर्षं फायली घेऊन फिरलो, त्या शिदोरीवर लिहितोय.

आधी ऑपरेशनचं. गाठ एका जागी असेल, म्हणजे पहिली-दुसरी स्टेज आणि तिसरीतल्या काही केसेस, तर फुप्फुसाचा तेवढा भाग, बहुधा एक अख्खा लोब (फुप्फुसाचा मोठा कप्पा), काढतात. दम कमी असेल, हृदय साथ देणार नसेल, तर लहान गाठीवर तीन ते पाच बैठकांत नेमकं रेडिएशन देता येतं. तिसऱ्या स्टेजला ऑपरेशन जमत नसेल तर केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन पुढे बऱ्याच जणांना वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, देतात. तुमच्या वडिलांच्या छातीतल्या पाण्यातच पेशी आहेत, म्हणजे आजार पसरलाय. गाठ काढली तरी तो मागे उरणारच, वर ऑपरेशनमुळे औषध सुरू व्हायला उशीर होणार. घरच्यांना हे एकदा डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, तुमचं कुणी ऐकणार नाही. आमच्याकडे मामांची समजूत घालण्यात दोन रविवार गेले.

आता थांबण्याचं. वडिलांची तब्येत तग धरून असेल तर थांबा, असंच मी म्हणेन. या प्रकारात कॅन्सर कुठल्या जनुकाच्या बिघाडावर वाढतोय, त्यावर औषध ठरतं. जेफिटिनिब ही गोळी काहींना जादूसारखी लागू पडायची आणि बाकीच्यांना ढिम्म फरक पडायचा नाही. ईजीएफआर जनुकातला बदल हे त्यामागचं कारण 2004 साली कळलं. 2007 मध्ये एएलके या दुसऱ्या जनुकाचा बिघाड सापडला आणि 2011 मध्ये त्यावरची क्रिझोटिनिब ही गोळी आली. आज दोन्हींवर याहून चांगल्या गोळ्या आहेत. ईजीएफआरवरच्या ओसिमर्टिनिबच्या मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांचा आजार सुमारे 19 महिने किंवा त्याहून जास्त काळ दबून राहिला, जुन्या गोळ्यांवर हाच आकडा सुमारे 10 महिने होता. पण गोळीने आजार मुळापासून जात नाही. कधीतरी तो वाट काढतो, मग पुन्हा तपासणी, पुन्हा नवा बेत.

बिघाड सापडला नाही तर पीडी-एल1चा आकडा, म्हणजे कॅन्सरच्या किती टक्के पेशींवर हे प्रथिन आहे ते, बघतात. तो 50 टक्के किंवा वर असेल तर काहींना नुसती इम्युनोथेरपी चालते, नाहीतर केमोबरोबर देतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घाईघाईत इम्युनोथेरपी दिली आणि नंतर ईजीएफआर पॉझिटिव्ह निघाला, तर लगोलग ओसिमर्टिनिब सुरू करताना फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून धाप फार वाढली आणि थांबणं शक्यच नसेल, तर रिपोर्ट येईपर्यंत फक्त केमो सुरू करता येईल का, हे विचारा. छातीतलं पाणी काढायला तर रिपोर्टची वाट बघावीच लागत नाही, आणि त्याने श्वासाला लगेच आराम पडू शकतो.

(स्मॉल सेल हा प्रकार वेगळा. तो झपाट्याने वाढतो, तिथे असं थांबत नाहीत. तुमचा तो नाही.)

आईच्या वेळी पहिला नमुना तपासण्यांत संपून गेला आणि जनुकांसाठी उरलाच नाही. सुईने काढलेला तो तुकडा शेवयाच्या काडीएवढा असतो आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. तीन आठवड्यांनी फोन आला, 'मटेरियल अपुरं आहे.' दुसरी बायोप्सी करावी लागली. रक्तावरूनही ही तपासणी होते, पण त्यात काही निघालं नाही म्हणजे बिघाड नाहीच, असं धरून चालत नाही.

रिपोर्टमध्ये ईजीएफआर निघाला आणि रोज एक गोळी सुरू झाली. महिन्याभरात तिचा खोकला इतका कमी झाला की रात्री घर शांत वाटायला लागलं. त्रास झालाच नाही असं नाही. जुलाब, अंगावर पुरळ, आणि नखांच्या कडा चिरून सुजायच्या. अंगठा इतका दुखायचा की स्ट्रिपमधून गोळी बाहेर ढकलता यायची नाही, ती मी काढून द्यायचो. 'गोळीच गोळी खाऊ देईना,' म्हणायची. हे अंगावर काढू नका, वेळीच सांगितलं तर मलम देतात, गरज पडली तर डोस कमी करतात.

पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे दुखणं, धाप असा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच भेटा. नाव ऐकून लोक दचकतात, आम्हीही दचकलो होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 151 रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ही मदत सुरुवातीपासून मिळाली, ते इतरांपेक्षा जास्त जगले, साधारण 11.6 महिने विरुद्ध 8.9, आणि त्यांचं मनही जास्त स्थिर राहिलं. आकडे त्या काळातल्या औषधांचे आहेत, आताची परिस्थिती पुष्कळ बदलली आहे.

उद्या पॅथॉलॉजीत फोन करून दोनच गोष्टी विचारा: ब्लॉक कुठे आहे, आणि जनुकांच्या तपासणीपुरता नमुना शिल्लक आहे का. आम्ही हे तीन आठवडे उशिरा विचारलं.