एका घरात दोन राउटर

प्रश्न : आमच्या दुमजली घरात इंटरनेट कंपनीने तळमजल्यावर फायबरचा राउटर बसवला आहे. वरच्या मजल्यावर वायफाय नीट पोहोचत नव्हते, म्हणून मी नवा वायरलेस राउटर घेतला आणि खालून आणलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या खाचेत) जोडली. इंटरनेट उत्तम चालते. परंतु वरच्या खोलीतला प्रिंटर खालच्या संगणकाला सापडत नाही. चार कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआरही वरच आहे. तो बाहेरगावाहून मोबाइलवर दिसावा म्हणून नव्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सोय) केले, तरी उपयोग झाला नाही. कॅमेरे बसवणारे गृहस्थ म्हणतात, की डीव्हीआर डीएमझेडमध्ये टाका आणि दोन्ही राउटरची फायरवॉल बंद करा. तसे करावे का? नव्या राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८.१.५ असा दिसतो. कंपनीच्या राउटरवर तो १००.७२ने सुरू होतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : फायरवॉल कृपया बंद करू नका. आपण ते दोन पत्ते पाहून लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ त्यांतच आहे.

१९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९४पासून खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. नव्या राउटरच्या वॅनवर असा पत्ता दिसतो, याचा अर्थ त्याच्या दृष्टीने ‘बाहेर’ म्हणजे आपलाच तळमजला आहे. घरात एकाऐवजी दोन जाळी झाली आहेत : खाली १९२.१६८.१ची आणि वर बहुधा १९२.१६८.०ची. खालचा संगणक प्रिंटरला हाक मारतो तेव्हा ती हाक नव्या राउटरच्या वॅन पोर्टापाशीच अडते, कारण बाहेरून न मागता आलेले काहीही आत सोडायचे नाही हेच त्याचे काम आहे. प्रिंटरमध्ये काहीही बिघाड नाही.

उपाय असा, की पत्ते वाटण्याचे आणि रस्ता दाखवण्याचे काम एकट्या कंपनीच्या राउटरकडे ठेवावे आणि नव्याने फक्त वायफाय पुरवावे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की पुरते. तो नसेल, तर संगणक केबलने नव्या राउटरच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टाला जोडावा, त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करावा (कंपनीचा राउटर १९२.१६८.१.१वर आहे आणि त्याच्या डीएचसीपीच्या, म्हणजे आपोआप पत्ते देण्याच्या, वाटपात .२ येत नाही, हे आधी पाहून घ्यावे), नव्या पत्त्यावर पुन्हा शिरून त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि शेवटी खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या पोर्टात लावावी. हा क्रम मोडला, तर राउटरच्या पानावर पुन्हा शिरणेच अवघड होऊन बसते. पत्ते टाइप करताना आकडे इंग्रजी घालावेत.

एक गोष्ट येथे हमखास विसरली जाते. डीव्हीआर बसवणारे बहुतेक वेळा त्याला हाताने कायमचा पत्ता देऊन ठेवतात. आपल्याकडेही तसे असेल, तर त्यात १९२.१६८.०.५०सारखा पत्ता आणि गेटवे (बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) म्हणून १९२.१६८.०.१ भरलेले आढळेल. जाळे एक झाल्यावर तो गेटवे उरतच नाही आणि डीव्हीआर मुका होतो. म्हणून त्याच्या नेटवर्कच्या पानावर जाऊन पत्ता १९२.१६८.१च्या जाळ्यातला आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा करून घ्यावा.

आता कॅमेऱ्यांकडे वळू. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला. त्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि ग्राहकाच्या राउटरला १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या, २०१२मध्ये खास त्यासाठी राखलेल्या, पट्ट्यातला पत्ता देतात. आपला १००.७२चा पत्ता याच पट्ट्यातला आहे. खरा सार्वजनिक पत्ता कंपनीच्या यंत्रणेत असतो आणि तेथे आपला नियम बसवता येत नाही; म्हणून आपण दोन्ही राउटरमध्ये कितीही अचूक पोर्ट फॉरवर्डिंग केले असते, तरी आयपीव्ही४वरून डीव्हीआर बाहेर दिसला नसता. डीएमझेडनेही तो दिसणार नाही. घरगुती राउटरमधले डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारे सगळे काही सरसकट एकाच यंत्राच्या दारात सोडणे, आणि तेही यंत्र घरातल्या इतर संगणकांच्या पंगतीतच बसलेले असते.

फायरवॉल बंद करण्याचा सल्ला मात्र निरुपयोगी तर आहेच, शिवाय घातकही आहे, आणि त्याचे कारण पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६. अशा कंपन्या पुष्कळदा सोबत आयपीव्ही६ही देतात. त्यात पत्त्यांचा तुटवडा नसल्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो, राउटर करतो त्या पत्त्यांच्या अदलाबदलीमुळे (नॅट) आपोआप मिळणारा आडोसा राहत नाही आणि मध्ये उरते ती फक्त राउटरची फायरवॉल. आतून कोणी काय मागितले हे ती ध्यानात ठेवते आणि त्याचीच उत्तरे आत येऊ देते. ती उठवली, की डीव्हीआर आणि प्रिंटर सरळ रस्त्यावर आले. २०१६मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असेच हजारो डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. तेव्हा कंपनीच्या राउटरवर आयपीव्ही६ची फायरवॉल चालू आहे ना, हे आजच पाहावे. काही राउटरमध्ये तिचे पान वेगळे असते.

कॅमेरे बाहेरून पाहण्यासाठी सध्या डीव्हीआरच्या निर्मात्याचे मोबाइल ॲप वापरावे. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जोडणी करतो, म्हणून कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही. अर्थात आपले चित्रण निर्मात्याच्या सर्व्हरच्या भरवशावर राहते, याची जाणीव असावी. ते पटत नसेल, तर कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा; त्यासाठी सहसा वेगळे शुल्क पडते. मात्र तो मिळाल्यावरही डीव्हीआरचे पोर्ट उघडू नये. कंपनीच्या राउटरमध्ये सोय असल्यास त्यावर व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा सुरक्षित खाजगी मार्ग) चालू करावे आणि मोबाइल आधी त्यातून घरात आणावा. त्या एका दाराला मजबूत कुलूप असते. डीव्हीआरच्या लॉगिन पानाचे कुलूप तसे नसते.

प्रश्न : माझ्या राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ चालू आहे. ते बंद केल्यास मुलाच्या गेमला अडचण येईल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : येऊ शकते. यूपीएनपीमुळे घरातले कोणतेही यंत्र आपल्याला न विचारता, पासवर्डशिवाय, राउटरमध्ये पोर्ट उघडून घेऊ शकते. गेमचे यंत्र तेच करते आणि एखादा बिघडलेला कॅमेराही तेच करू शकतो. ते बंद करून आठवडाभर पाहावे. गेममध्ये ‘नॅट स्ट्रिक्ट’ असा इशारा आला, तर डीएचसीपीमध्ये गेमच्या यंत्राला पत्ता राखून द्यावा आणि गेमच्या निर्मात्याने सांगितलेली मोजकी पोर्टे तेवढ्याच पत्त्याकडे वळवावीत.