जोडी उचल, सुटा शब्द नको

प्रिय मित्रा,

तुझा निबंध वाचला. 'आय डिड अ मिस्टेक'खाली लाल रेघ, 'आय मेड माय होमवर्क'खालीही लाल रेघ. आणि सोबत तुझा वैतागलेला प्रश्न: मराठीत दोन्हीकडे 'करणे'च आहे, मग 'मेक' कुठे आणि 'डू' कुठे, याचा एकदाचा नियम सांगा.

नियम तू ऐकलेला आहेस. काही नवं घडलं तर 'मेक', नुसतं काम उरकलं तर 'डू'. केक, आवाज, योजना, इथवर तो चालतो. पुढे 'मेक द बेड' येतं आणि तिथे पलंग कुणी घडवत नाही, अंथरूण नीटनेटकं करतात. नुकसानही नव्यानंच घडतं, तरी 'डू डॅमेज'. फोनला 'मेक अ कॉल', उपकाराला 'डू अ फेवर'. निर्णयाला 'मेक', ब्रिटिश इंग्रजीत 'टेक'ही चालतं, 'डू' मात्र नाही. म्हणून सांगतो, नाम आणि त्याचं क्रियापद अशी जोडी उचल.

आपण हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो. 'मारणे' कुठे लावायचं हे तुला कुणी शिकवलं होतं का? जोड्या कानावर पडल्या आणि जिभेवर बसल्या. इंग्रजीची वही उघडली की मात्र शब्द सुटा लिहायचा आणि समोर अर्थ! मला चीड येते ती तुझी नव्हे, ही सवय लावणाऱ्यांची. माझीही उमेदीची वर्षं असल्या वह्या भरण्यात गेली, त्याची हळहळ अजून जात नाही.

परीक्षा तोंडावर आहे, मुलांना 'मेक'-'डू'चा तक्ता देऊन टाका, असं मला सारखं ऐकवलं जातं. मी देत नाही. याला हट्ट म्हणा. इंग्रजी अध्यापनाचे ब्रिटिश अभ्यासक हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये तोक्योत इंग्रजी शब्दजोड्यांवर अहवाल काढला, त्यातही भूमिका हीच होती: जोडी अख्खी शिकावी, तुकडे जुळवून बनवू नये.

आणि सुरुवात क्रियापदापासून नको, नामापासून कर. कुठलं क्रियापद लागणार ते नामच ठरवतं. 'मिस्टेक' एकटं लिहिलंस तर पान फाड. 'मेक अ मिस्टेक' लिही, जमलं तर 'मेड द सेम मिस्टेक अगेन'.

आता तक्ता मागू नकोस. होमवर्क, एफर्ट, रिसर्च, प्रोग्रेस ही नामं घे, प्रत्येकाचं क्रियापद शोध, स्वतःच्या दिवसातलं पूर्ण वाक्य लिही आणि पाठव. 'मेक प्रोग्रेस' लिहिताना मध्ये 'अ' घालू नकोस, बरेच जण तिथेच घसरतात.