ब्रेक घरी बदलले तर खरंच किती वाचेल?

प्रश्न: माझ्या एसयूव्हीच्या चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायला गॅरेजने सांगितलं आहे. त्यांचा आकडा १०० धरला तर त्यात डिस्कचे ४०, पॅडचे २० आणि मजुरी ४०. तेच सुटे भाग मला बाहेर ५० मध्ये मिळतात. सुट्टीच्या दिवशी घरीच काम उरकून ५० वाचवावेत का? नाहीतर बिल कार्डावर टाकून हप्ते पाडावे लागतील, कारण अडीनडीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही. मागच्या चाकांना बटणाचा हँडब्रेक आहे. गाडी तीनेक वर्षांनी विकायचा विचार आहे. अवजारांचं दरपत्रक सोबत जोडलं आहे.

उत्तर: दरपत्रक जोडलंत, पण त्याची बेरीज ५० मधून वजा करायला विसरलात. मी केली. हायड्रॉलिक जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच, पॅडला रेटणारा पिस्टन मागे दाबायचा क्लॅम्प, ब्रेक क्लीनर, ग्रीस असं सगळं धरून ३० होतात. यात काटछाट सुचवणार नाही. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. दोनेक टनांची गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कामाला बसायचं नसतं. म्हणजे ५० चे २० झाले.

मागच्या चाकांचं आणखी वेगळं. बटणाच्या हँडब्रेकची मोटर बहुतेक गाड्यांत कॅलिपरवरच, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरच असते. ती आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे पकड पूर्ण सैल केलेल्या स्थितीत न्यावी लागते, काही गाड्यांत त्यासाठी गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो. क्लॅम्प लावून पिस्टन तसाच रेटला तर मोटरसकट कॅलिपर खराब होऊ शकतो, आणि मग वाचलेले २० शोधावे लागतील. म्हणून मागचं काम गॅरेजकडेच. उरली पुढची दोन चाकं. निम्मं काम धरलं तर मजुरीचे २० आणि सुट्या भागांतले ५ असे २५ वाचतात, अवजारांवर ३० जातात. पदरचे ५ घालून दिवसभर घाम गाळायचा, असा तो सौदा आहे.

अवजारं पुढच्या वेळी उपयोगी पडतील, हे खरं. पण पुढची वेळ कधी? नवे पॅड साधारण १० ते १२ मि.मी. जाडीचे असतात आणि वापर बेताचा असेल तर तीन-चार वर्षं सहज निघतात. तोवर तुम्ही गाडी विकलेली असेल. घरात दुसरी गाडी असती तर माझं उत्तर बदललं असतं. (तुमच्या वेळेची किंमत मी धरलेली नाही. पगाराला तासांनी भागून रविवारची किंमत काढणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तो रविवार तुम्ही कुणाला विकणार होतात? हाताने काम करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त तो खर्च बचतीत न मांडता हौसेत मांडा.)

खरे पैसे मला डिस्कच्या ४० मध्ये दिसतात. पॅड संपले म्हणून डिस्क बदलायलाच हव्यात असं नाही. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी डिस्क २८ मि.मी.ची आणि किमान मर्यादा २६ ची आहे. माप २७.४ आलं, तडे किंवा खोल चरे नसले आणि ब्रेक दाबताना पेडल थरथरत नसेल, तर ती डिस्क आणखी एक पॅडचा जोड सहज काढेल. २६.३ आलं तर मात्र बदला. मर्यादेच्या इतक्या जवळ असलेली डिस्क नव्या पॅडसोबत तीन वर्षं टिकायची नाही. माप मायक्रोमीटरने, कडेची उंच धार सोडून, गोलाकार सात-आठ ठिकाणी घ्यायला सांगा आणि आकडे लिहून मागा. चारही डिस्क चांगल्या निघाल्या तर गॅरेजचंच बिल १०० वरून ६० वर येतं. तुमचे घरचे २० कुठे आणि हे ४० कुठे!

दुसरं, चारही चाकांचे पॅड किती मि.मी. उरलेत तेही विचारा. पॅड एका ॲक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलावे लागतात, पण पुढचे आणि मागचे एकाच दिवशी बदलायची सक्ती नाही. बऱ्याच गाड्यांत पुढचे आधी झिजतात. पुढचे ३ मि.मी.वर आले असतील आणि मागचे ६ वर, तर पुढचे आत्ता, मागचे काही महिन्यांनी. बिलाचे दोन हप्ते झाले आणि व्याज शून्य. मात्र ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल तर हे सगळं गणित बाजूला ठेवा आणि गाडी उभी करा.

तशी वेळ आली आणि महिन्याच्या पैशांत भागलं नाही, तर कार्डाच्या व्याजापेक्षा त्या राखीव पैशांतून घेतलेलं मला चालेल. पुढच्या महिन्यापासून ते परत भरायचे. एरवी पॅड झिजणं ही अडीनडी नाही, ते झिजणारच होते. टायर, बॅटरी, ब्रेक यांच्यासाठी दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात करा.

आठ आकडे मागवा, चार डिस्कचे आणि चार पॅडचे, आणि किमान जाडीसोबत मला पाठवा. तोवर सुट्या भागांची ऑर्डर देऊ नका.